‘किल बिल’ उलटासुलटा का सांगितला आहे?

‘किल बिल’ पाहिलेल्या कुणालाही विचारा, काय आठवतं? पिवळा ट्रॅकसूट, समुराईची तलवार, रक्ताची कारंजी, एवढं पटकन येतं. मग विचारा, आधी कोण मरतं, ओरेन की व्हर्निटा? इथे दोन-तीनदा सिनेमा पाहिलेलेही अडखळतात. पडद्यावर आधी मरते व्हर्निटा, आणि गोष्टीत तिच्याआधीच मेलेली असते ओरेन. हा घोळ दिग्दर्शकाने मुद्दाम घातलाय. तो उलगडला की सूडपट नावाचा प्रकार चालतो कसा, हेही बऱ्यापैकी कळतं. शेवटापर्यंतचं सगळं इथे फोडणार आहे, तेव्हा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं, मग वाचावं.

सिनेमा क्वेंटिन टॅरेंटिनोचा. कल्पना मात्र त्याची आणि उमा थर्मनची मिळून, ‘पल्प फिक्शन’च्या वेळी दोघांच्या गप्पांतून निघालेली. श्रेयनामावलीत नायिकेच्या पात्राचं श्रेय ‘क्यू आणि यू’ असं दोघांना दिलेलं आहे. (उमा हे नाव आपल्याकडचंच. तिचे वडील रॉबर्ट थर्मन हे तिबेटी बौद्ध धर्माचे नावाजलेले अभ्यासक.) चित्रीकरण सुरू व्हायच्या सुमाराला ती गरोदर राहिली, तर टॅरेंटिनो दुसरी नटी घेण्याऐवजी थांबला. २००२च्या मध्याला काम सुरू झालं. चित्रीकरण एकाच सिनेमाचं म्हणून झालं, पण लांबी आवरेना, म्हणून दोन भाग केले. पहिला ऑक्टोबर २००३मध्ये लागला, दुसरा एप्रिल २००४मध्ये. दोन्ही मिळून चार तासांच्या वर जातात.

आधी सरळ गोष्ट

बिल नावाच्या माणसाच्या हाताखाली भाडोत्री मारेकऱ्यांची टोळी आहे. त्यातली सगळ्यात तरबेज बाई, जी बिलची प्रेयसीही आहे, एक दिवस कुणाला न सांगता निघून जाते. टेक्सासमध्ये एल पासोजवळ जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका साध्या माणसाशी लग्न ठरवते. लग्नाची रंगीत तालीम चालू असताना बिल आणि त्याचे चौघे येऊन चॅपेलमधल्या, म्हणजे त्या छोट्या चर्चमधल्या, सगळ्यांना गोळ्या घालतात. नवरी पोटुशी असते. तिच्या डोक्यात गोळी घालायचं काम बिल स्वतः करतो. ती मरत नाही, कोमात जाते. चार वर्षांनी शुद्धीवर येते तेव्हा पोट सपाट असतं. मग ती त्या चौघांचा आणि बिलचा सूड घ्यायला निघते: जपानमधल्या ओकिनावाला जाऊन तलवार घडवून घेते, टोकियोत ओरेन इशीला मारते, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात व्हर्निटा ग्रीनला मारते, वाळवंटात राहणाऱ्या बडकडे जाते, तिथेच एल ड्रायव्हरशी गाठ पडते, आणि शेवटी मेक्सिकोत बिल.

ही झाली घडलेली गोष्ट. सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला कृष्णधवल चित्रात नवरीचा रक्ताळलेला चेहरा आणि बिलची गोळी. लगेच पासाडेना, म्हणजे सूडाचा दुसरा मुक्काम. मग मागे जाऊन इस्पितळ, त्याच्याही मागे जाऊन ओरेनचं बालपण, मग ओकिनावा, आणि पहिला भाग संपतो टोकियोच्या लढाईवर, जी खरं तर पासाडेनाच्या आधी झालेली आहे. दुसऱ्या भागात पुन्हा चॅपेल, मग बड, मध्येच कित्येक वर्षं मागे चीनमधलं शिक्षण, मग एल, मग बिल, आणि त्यातही आणखी एक मागची आठवण. पहिल्या प्रकरणाचं शीर्षकच नुसतं ‘२’ असं आहे. प्रकरण संपताना नवरी ट्रकमध्ये बसून वही काढते आणि व्हर्निटाच्या नावावर काट मारते. त्या पानावर ओरेनचं नाव आधीच खोडलेलं असतं. दिग्दर्शकाने लपवाछपवी केलेली नाही, फक्त पहिल्यांदा पाहताना आपलं तिकडे लक्ष जात नाही.

एवढी उलथापालथ कशासाठी?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. घडल्या क्रमाने पाहिलं तर लढाया मोठीकडून लहानीकडे जातात. टोकियोत ती एकटी आणि समोर ओरेनची अख्खी फौज. नंतर पासाडेनात एका घराच्या दिवाणखान्यात दोघी. मग बडच्या दारात तर लढाई होतच नाही. मग एका ट्रेलरमध्ये दोघींची धुमश्चक्री, आणि बिलशी झटापट टेबलाशी बसल्या बसल्या काही सेकंदांत आटोपते. कुठल्याही निर्मात्याला हा आलेख दाखवला तर तो कपाळाला हात लावेल, कारण सिनेमा चढत जावा असा साधा हिशेब असतो. टॅरेंटिनोने पासाडेनाची छोटी मारामारी उचलून सुरुवातीला ठेवली आणि टोकियोचा मोठा तमाशा पहिल्या भागाच्या शेवटाला नेला. पहिला भाग चढता झाला. दुसऱ्या भागात मात्र त्याने उतार तसाच राहू दिला, आणि तो का, हे पुढे येईलच.

दुसरं कारण प्रेक्षकाच्या डोक्याशी संबंधित आहे. वहीतलं ते पान नीट पाहिलं असेल, तर ओरेन मरणार हे आपल्याला तासभर आधी कळलेलं असतं. तरी टोकियोची लढाई कंटाळवाणी होत नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, तरी बुवांनी पूर्वरंग संपवून उत्तररंगाला हात घातला की मंडळी सावरून बसतात. शेवट काय, ही उत्सुकता तिथे नसतेच. हा माणूस तो कसा गाठतो, वाटेत काय दाखवतो, इकडे कान असतात. सूडपटात नायिका जिंकणार हे तर तिकीट काढतानाच माहीत असतं. ते खोटं खोटं लपवत बसण्यापेक्षा टॅरेंटिनोने उघडच करून टाकलं. त्यामुळे ‘जिंकेल का’ हा प्रश्न बाजूला होतो, आणि ज्यांना मारायचं ती माणसं कोण होती, हे बघायला सवड मिळते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी पासाडेनाचं प्रकरण जरा जवळून पाहू.

पासाडेनातलं घर

नवरी पिवळ्या ट्रकमधून उतरते. अंगणात लहान मुलाची खेळणी पडलेली. बेल वाजवते, व्हर्निटा दार उघडते आणि पुढच्या क्षणाला हाणामारी सुरू. फोटोफ्रेम फुटतात, काचेचं टीपॉय फुटतं, हाताला येईल ते हत्यार, अगदी तळण्याचा तवासुद्धा. दोघींच्या हातात सुरे, दोघी धापा टाकताहेत, आणि मागच्या मोठ्या खिडकीतून दिसते शाळेची पिवळी बस येऊन थांबलेली. व्हर्निटाची चार वर्षांची निकी दप्तर घेऊन उतरते. त्या सरशी दोघीही सुरे पाठीमागे लपवतात. घराची ही दशा कशाने झाली, तर म्हणे कुत्र्याने केली. मुलीला वर खोलीत पाठवलं जातं, आणि व्हर्निटा पाहुणीला विचारते, कॉफी घेणार का?

इथे नवरी निकीला सांगते की मलाही एक मुलगी होती, आज चारच वर्षांची असती. पहिल्यांदा पाहताना हे वाक्य नुसतं दुःखाचं वाटतं. पण सिनेमाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पुढे स्वयंपाकघरात व्हर्निटा नाश्त्याच्या सीरियलच्या (कॉर्नफ्लेक्ससारख्या) खोक्यात लपवलेल्या पिस्तुलातून गोळी झाडते, ती चुकते, नवरीचा सुरा चुकत नाही. मान वळवते तर दारात निकी उभी. तिला नवरी सांगते ते थोडक्यात असं: हे तुझ्यासमोर व्हायला नको होतं, पण तुझ्या आईची करणीच तशी होती. मोठी झाल्यावरही हे सलत राहिलं तर ये, मी वाट बघेन.

म्हणजे सूडाची गोष्ट नीट सुरू व्हायच्या आतच पुढचा सूड घेणारी मुलगी पडद्यावर आलेली आहे. पुढे ओरेनचं बालपण येतं. तीही पलंगाखाली लपून आईबापांचा खून पाहणारी मुलगीच, जी अकराव्या वर्षी त्या खुनी याकुझा (जपानी गुन्हेगारी टोळीच्या) म्होरक्याला गाठून मारते. पासाडेना आधी दाखवल्यामुळे ओरेनच्या त्या डोळ्यांत आपल्याला निकी दिसते. क्रम सरळ असता तर हे जुळलंच नसतं, कारण ओरेनची गोष्ट आधी संपून गेली असती आणि निकी मागाहून आली असती. आणि यादीतल्या शेवटच्या माणसाच्या घरीही एक चार वर्षांची मुलगी आहेच.

ओरेनचं बालपण जपानी अॅनिमेशनमध्ये केलेलं आहे. काम टोकियोच्या प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओचं. मध्येच कार्टून कुठून आलं म्हणून अनेकांना खटकतं. पण त्यात दाखवलेलं पाहा: पलंगावर आईला मारलंय, गादीतून रक्त झिरपून खाली लपलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर पडतंय. हे खऱ्या बालकलाकाराकडून करून घेणं जमणार नाही, आणि जमलं तरी बघवणार नाही. रेखाटलेलं असल्यामुळे आपण नजर न फिरवता बघतो.

उसनवारी, आणि तिची कारणं

या सिनेमावर नक्कलचोरीचा आरोप कायम होतो. उसनं घेतलंय हे खरंच आहे. चोरी म्हणायची तर ती दिवसाढवळ्या, मालकाच्या नावाची पाटी लावून केलेली आहे. सुरुवातीलाच हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेचं जुनं बोधचिन्ह झळकतं. पिवळा ट्रॅकसूट ब्रूस लीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘गेम ऑफ डेथ’मधला. तलवार घडवणारा हातोरी हान्झो झालेले सोनी चिबा यांनी जपानी टीव्हीवर त्याच नावाच्या योद्ध्याची भूमिका पूर्वी केलेली. आणि सगळ्यात मोठं ऋण १९७३च्या ‘लेडी स्नोब्लड’ या जपानी सिनेमाचं. कझुओ कोइके आणि कझुओ कामिमुरा यांच्या चित्रकथेवरून तोशिया फुजिता यांनी तो केला. तिथली युकी सूड घेण्यासाठीच जन्माला घातलेली आहे. तिची आई तुरुंगात तिला जन्म देते, ती याच हेतूने. यादी आहे, प्रकरणं आहेत, मागे-पुढे जाणारा काळ आहे, बर्फावर सांडणारं रक्तही आहे. नायिका मेइको काजी यांनी स्वतः गायलेलं त्या सिनेमाचं गाणं टॅरेंटिनोने ओरेनच्या मृत्यूनंतर जसंच्या तसं वाजवलं आहे.

या उसनवारीचा एक उपयोग फारसा कुणी बोलत नाही. टोकियोला जाणाऱ्या विमानात नवरीच्या आसनाशेजारी तलवार ठेवायला खास जागा दिसते. विमानात तलवार! एवढ्या एका वस्तूने कळतं की आपण आपल्या जगात नाही, सिनेमांनी बनलेल्या जगात आहोत. इथे पोलीस मागे लागत नाहीत, हात तुटला की नळ फुटल्यासारखं रक्त उडतं. ही जागा ओळखीची करून दिली नसती तर पुढचा तासभर असह्य झाला असता.

टोकियोची लढाई: आधी नकाशा, मग मारामारी

अॅक्शन कशी लिहावी आणि टिपावी याचा धडा म्हणून हे प्रकरण पाहण्यासारखं आहे. ‘हाऊस ऑफ ब्लू लीव्ह्ज’ हे दुमजली रेस्टॉरंट बीजिंगमधल्या स्टुडिओत उभं केलेलं होतं. मारामाऱ्या बसवल्या युएन वू-पिंग यांनी, ज्यांचं काम आपल्याकडे बहुतेकांनी ‘मेट्रिक्स’मध्ये पाहिलेलं आहे. या एका लढाईला आठ आठवडे लागले.

आजकालच्या पुष्कळ सिनेमांत मारामारी म्हणजे अर्ध्या अर्ध्या सेकंदाचे तुकडे आणि थरथरता कॅमेरा. कोण कुठे आहे, कुणाला लागलं, काही कळत नाही, फक्त आवाज. इथे उलट आहे. तलवार म्यानातून निघण्याआधी कॅमेरा आपल्याला अख्खी वास्तू फिरवून आणतो, तेही बराच वेळ एकही काप न करता. हे स्टेडीकॅमचं काम. कॅमेरामनच्या अंगावर एक जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात आणि त्या हातावर कॅमेरा, म्हणजे चालण्याचा हिसका चित्रापर्यंत पोचत नाही. बँड वाजतोय, बायका अनवाणी नाचताहेत, जिना इथे, स्वच्छतागृह तिथे, ओरेनची वकील सोफी या दाराने आली, नवरी त्या भिंतीआड. या एका शॉटमध्ये आपल्या डोक्यात नकाशा तयार होतो. मग पुढे कुणी जिन्यावरून कोसळलं की आपल्याला ठाऊक असतं कुठून आणि कुठे.

लढाईही एकसुरी नाही. आधी मोजके अंगरक्षक. मग शाळकरी गणवेशातली गोगो युबारी, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा फिरवत. तिच्यापुढे तलवार उपयोगी पडत नाही, शेवटी खिळे निघालेला लाकडाचा तुकडा कामी येतो. मग क्षणभर शांतता, आणि बाहेर मोटारसायकलींचे आवाज, म्हणजे ‘क्रेझी ८८’ टोळी आली. ती गर्दी, मग दिवे बंद करून निळ्या पार्श्वभूमीवर नुसत्या सावल्या, मग पुन्हा उजेड. शेवटी एक कोवळा पोरगा उरतो, त्याला ती तलवारीच्या पात्याने ढुंगणावर फटके मारते आणि आईकडे घरी जा म्हणते. प्रत्येक टप्प्याला चाल वेगळी. आणि एवढ्या गोंगाटानंतर दार सरकवलं की बाहेर बर्फाची बाग. पाण्याने भरून ‘ठक’ करून आपटणारी बांबूची नळी, आणि पांढऱ्या किमोनोतली ओरेन. सगळ्यात मोठ्या शत्रूशी सगळ्यात शांत लढाई.

मध्येच चित्र कृष्णधवल होतं, ते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नवरी एकाचा डोळा उपटते आणि रंग जातात. पुढे तिची पापणी लवते आणि रंग परततात. कलात्मक स्पष्टीकरणं पुष्कळ आहेत, पण खरं कारण अमेरिकेतलं प्रमाणपत्र. तिथे ‘आर’ मिळालं तर सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबत येता येतं. त्याच्या पुढचं प्रमाणपत्र मिळालं की पुष्कळ चित्रपटगृहं सिनेमा लावतच नाहीत. एवढं लाल रक्त ‘आर’मध्ये बसलं नसतं. काळं केलं, बसलं. जपानमध्ये हाच भाग रंगीत दाखवला गेला. एका बंधनातून वाट काढताना जुन्या सिनेमांची आठवण करून देणारी छान गोष्ट निघाली, एवढंच. रक्तही संगणकावरचं नाही. जुन्या हाँगकाँग सिनेमांची युक्ती वापरली आहे: कंडोममध्ये लाल द्रव भरून तो ऐन वेळी फोडायचा.

पडद्यामागचं अंग

या हालचालींमागे दुसरी एक बाई आहे: न्यूझीलंडची झोई बेल, थर्मनची स्टंट डबल, म्हणजे धोक्याचे प्रसंग तिच्याऐवजी करणारी. दुसऱ्या भागात नवरी बडचं दार उघडते, आत दबा धरून बसलेला बड तिच्या छातीत जाड्या मिठाची काडतुसं झाडतो आणि ती मागे फेकली जाते, तो प्रसंग घ्या. अशा वेळी कपड्यांच्या आत पट्टे बांधतात, पाठीला तार, आणि ती तार यंत्राने एका झटक्यात ओढली जाते. पडद्यावर अर्धा सेकंद, पण अंगाला तो झटका खराच बसतो. त्या प्रसंगात बेलच्या मनगटाला जबर दुखापत झाली. पुढे टॅरेंटिनोने तिला आपल्या एका सिनेमात तिच्याच नावाने मोठी भूमिका दिली.

पण यातला सगळ्यात वाईट प्रसंग तलवारीचा किंवा तारेचा नाही, गाडी चालवण्याचा आहे. मेक्सिकोत, दुसऱ्या भागातल्या एका साध्या शॉटसाठी थर्मनला वाळूच्या रस्त्यावरून उघडी मोटार ताशी ४० मैलांनी, म्हणजे साधारण ६४ किलोमीटर वेगाने, चालवायला सांगितलं. गाडी ठीक नाही, स्टंट करणाऱ्याकडून हे करून घ्या, असं तिचं म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही. गाडी झाडावर आदळली, मानेला आणि गुडघ्यांना झालेली इजा कायमची राहिली. त्या अपघाताची फिल्म तिच्या हाती यायला पंधरा वर्षं गेली. २०१८मध्ये तिने हे जाहीरपणे सांगितलं आणि ती चित्रफीत लोकांसमोर ठेवली. तिला गाडी चालवायला लावणं ही आपल्या आयुष्यातली मोठी खंत आहे, असं टॅरेंटिनो म्हणाला. बाईची ताकद दाखवणाऱ्या सिनेमात बाईचं ‘नको’ सेटवर कुणी मोजलं नाही, हे सिनेमा आवडणाऱ्यांनीही विसरू नये.

दुसरा भाग: सूड आटत जातो

पहिल्या भागाच्या भरवशावर दुसरा पाहायला गेलेले बरेच जण चिडले होते. मारामारी कुठाय? नेमकं तेच करायचं होतं. बडला नवरी मारतच नाही. उलट तोच तिला शवपेटीत घालून जिवंत पुरतो. पडद्यावर काळोख आणि झाकणावर माती पडल्याचा आवाज, एवढंच. नंतर बड मरतो ते एल ड्रायव्हरने नोटांच्या पेटीत लपवलेल्या ब्लॅक मांबा सापाच्या दंशाने. यादीतलं नाव गेलं, पण तिच्या हातून नाही. एलचा उरलेला एक डोळा नवरी उपटते आणि तिला तशीच, सापासह, ट्रेलरमध्ये सोडून निघून जाते. सिनेमा तिचा मृत्यू दाखवत नाही. ज्या प्रेक्षकाला पहिल्या भागाने टाळ्या वाजवायला शिकवलं, त्याच्या टाळ्या दुसरा भाग एकेक करून काढून घेतो.

काळाची उडीही आता वेगळ्या कामाला येते. नवरी पेटीत आहे, सुटकेचा मार्ग नाही, आणि गोष्ट एकदम चीनमधल्या डोंगरावर जाते. पाई मेई नावाचा पांढऱ्या भुवयांचा म्हातारा गुरू तिला तीन इंचांवरून लाकडी फळी फोडायला लावतोय. हात सुजलेत, काडीने भात खाता येत नाही. हेच शिक्षण पहिल्या भागात, क्रमाने, दाखवलं असतं तर ते नेहमीचं शिक्षणाचं प्रकरण झालं असतं. इथे ते पेटीच्या झाकणापासून तीन इंचांवर येतं. परत वर्तमानात आलो की ती बूट काढते, हाताचे दोर कापते आणि ठोसे मारू लागते, आणि आपल्याला एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही. माहिती द्यायची, पण तिची गरज पडेल त्या क्षणी. पटकथा लिहिणाऱ्यांनी हे प्रकरण पाच वेळा पाहावं.

नावाचंही तसंच. पहिल्या भागात कुणी नायिकेचं नाव घेतलं की वर ‘बीप’ वाजते. दुसऱ्या भागात कळतं: बिअॅट्रिक्स किडो. मग लक्षात येतं की बिल पहिल्याच प्रसंगापासून तिला ‘किडो’ म्हणत होता. आपल्याला ते ‘ए पोरी’सारखं लाडाचं संबोधन वाटलं होतं.

मग बिल. ती पिस्तूल रोखून घरात शिरते, तर समोर तिची मुलगी, खेळण्यातलं पिस्तूल घेऊन ‘ठो’ करणारी. पहिल्या भागाचं शेवटचं वाक्य बिलचं असतं, की तिची मुलगी जिवंत आहे हे तिला माहीत आहे का? आपल्याला माहीत होतं, तिला नव्हतं. बिल मुलीसाठी सँडविच करतो, भल्या मोठ्या सुरीने ब्रेडच्या कडा कापत, आणि त्या चार वर्षांच्या मुलीने पाळलेल्या माशावर पाय देऊन त्याला कसं मारलं ते सांगतो. बाप म्हणून तो वाईट नाही. मुलीला झोपवल्यावर दोघं अंगणात बसतात, बोलतात, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या सगळं संपतं. पाई मेई जी विद्या कुणालाच शिकवत नाही असं बिलने सांगितलेलं असतं, तीच पाई मेईने तिला शिकवलेली असते. बिल ओठांवरचं रक्त पुसतो, कोट सारखा करतो, पाच पावलं चालतो आणि पडतो.

याच्या जरा आधी सिनेमातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग येतो. ती पळून का गेली, याचं उत्तर आपल्याला चार तासांच्या शेवटाला मिळतं, जरी घटना गोष्टीच्या अगदी सुरुवातीची आहे. बिअॅट्रिक्स कामगिरीवर आहे, हॉटेलच्या खोलीत गरोदरपणाची चाचणी करते, पट्टी रंग बदलते. तेवढ्यात दारातून बंदूक चालवत दुसरी मारेकरी बाई घुसते. दोघी एकमेकींवर नेम धरून. बिअॅट्रिक्स तिला सांगते, ती पट्टी उचलून बघ. ती बाई बंदूक न हलवता पट्टी उचलते, खोक्यावरच्या सूचना वाचते, दाराबाहेर जाते, आणि गोळीने पडलेल्या भोकातून ‘अभिनंदन’ म्हणून पळून जाते. अख्ख्या सिनेमात शत्रुत्व बोलून मिटलं असं हे एकच. पासाडेनात निकी आली तेव्हा सुरे लपवले गेले, पण ती नुसती घटकाभराची सवलत होती. इथे दोघी खरंच परत फिरतात. हा प्रसंग सुरुवातीला ठेवला असता तर गमतीचा वाटला असता. एवढी माणसं मेल्यावर तो येतो म्हणून त्याला वजन आहे.

कुठल्या क्रमाने पाहावा?

घटनाक्रमाने लावून पाहणारे हौशी लोक आहेत. एकदा कुतूहल म्हणून ठीक, पण वर सांगितलेलं सगळं त्यात निसटतं. दिग्दर्शकाने स्वतः दोन्ही भाग जोडून केलेली ‘द होल ब्लडी अफेअर’ ही आवृत्ती मात्र वेगळी. ती बरीच वर्षं मोजक्या खेळांपुरतीच दिसली, त्यात २०११मध्ये लॉस एंजेलिसमध्ये. तिच्यात टोकियोची लढाई पूर्ण रंगीत आहे. मधला तोड नसल्यामुळे मुलगी जिवंत असल्याचं बिलचं ते वाक्यही काढून टाकलं आहे, म्हणजे मुलगी समोर येते तेव्हा बिअॅट्रिक्सइतकेच आपणही चकित होतो. माझ्या मते ते वाक्य २००३मध्ये प्रेक्षकाला सहा महिने थोपवून धरण्यासाठी लागत होतं. सलग पाहताना त्याचं काम उरत नाही. दोन भागांचाच सिनेमा घरी बघणार असाल, तर पहिला संपल्यावर लगेच दुसरा लावू नका, मध्ये एखादा दिवस जाऊ द्या. पहिल्याच्या नशेत दुसरा हमखास संथ वाटतो.